सासरे मले सोडून गेले

ललित इंगळे अकोल्याला घरी पोचला तेव्हा त्याचे सासरे जाऊन साडेतीन तास झाले होते, आणि ही बातमी न कळलेली माणसं जगात दोनच उरली होती. एक ललित आणि दुसरे स्वतः सासरे.

दार ज्योत्स्नानं उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. ललितच्या हातात सासुरवाडीच्या, मोर्शीच्या संत्र्यांची थैली होती, ती तिनं घेतली नाही.

"या," ती म्हणाली. "लय बरं वाटून राह्यलं असंन ना तुमाले?"

"हो ना. अमरावतीले उतरलो आन् अकोल्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीही भेटली."

बायको अशा आवाजात बोलत असताना नवऱ्यानं खिडकीचं नाव काढू नये, एवढी अक्कल लग्नाच्या बाराव्या वर्षी तरी यायला हवी. ज्योत्स्नानं आपला फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्यावर ललितचाच ब्लॉग उघडलेला होता. दुपारी दोन वाजताचा ताजा लेख. त्याची सुरुवात अशी होती:

'आज सासरे मेले. बसस्टँडवर सोडून गेले. मेले लय बरं वाटलं. इतक्या लवकर जातीन असं वाटलं नोतं.'

ललितनं ते दोनदा वाचलं. मग तो म्हणाला, "हे मी नाही लेह्यलं."

"मंग कोनं लेह्यलं? वर नाव कोनाचं हाय? माह्या बाबाले मारलं ते मारलं, वरून लय बरं वाटलं?"

"अवं, बाबांनी मले स्कूटीवर बसस्टँडले सोडलं आज. धडधाकट होते. मीच हात हलवला."

"मंग ते फोन काहून उचलून नाही राह्यले? चाळीस वेळा लावला मी."

आता या ब्लॉगबद्दल सांगणं भाग आहे. ललित एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर क्रमांक टाकतो. पत्रात काय आहे हे त्याला कुणी विचारत नाही, आणि त्याला काय वाटतं हे तर मुळीच विचारत नाही. म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यानं 'फुरसत' नावाचा ब्लॉग काढला. अमरावतीच्या एका किल्लीवाल्यावर त्यात तीन लेख आहेत, बडनेरा स्टेशनच्या घड्याळावर दोन. एक जपानी म्हातारा इंटरनेटवर तासन्‌तास जुनी घड्याळं खोलत बसतो, त्याच्यावर चार. सगळे मिळून सहाशे त्रेचाळीस लेख आणि वाचक एकोणीस. लोक हसतात, पण ललितचा सगळा जीव त्या ब्लॉगात होता. दुसरीकडे कुठे त्याचं कुणी ऐकतच नव्हतं.

मागच्या आठवड्यात प्रणाली नावाच्या एका वाचक बाईंनी लिहिलं, 'तुमची भाषा पुस्तकी वाटते. आपल्या वऱ्हाडीत लिहा ना.' एकोणिसातली एक वाचक काही मागते म्हटल्यावर ललित हुरळून गेला. मोर्शीहून निघालेल्या बसमध्ये बसून त्यानं फोन तोंडासमोर धरला आणि वऱ्हाडीत बोलायला सुरुवात केली. आपण बोलायचं, फोन लिहितो. त्यानं म्हटलं, 'आज सासरे मले बसस्टँडवर सोडून गेले. मले लय बरं वाटलं.' स्कूटी वळवून सासरे भुर्रकन निघून गेले, म्हणून पुढे म्हटलं, 'इतक्या लवकर जातीन असं वाटलं नोतं.'

अख्खं वऱ्हाड सकाळी उठल्यापासून 'मला'ला 'मले' म्हणतं. भूक मले लागते, राग मले येतो, साहेब मले बोलतात. पण हे फोन बनवणाऱ्यांच्या गावाला वऱ्हाड नाही. त्यांनी ठरवून टाकलं की 'मले' असा शब्दच नसतो, या माणसाला 'मेले' म्हणायचं असेल. आणि कुणी मेलं म्हटल्यावर फोननं आदरानं पूर्णविरामही दिला. ललितचा अपराध एवढाच की त्यानं परत वाचलं नाही. बटण दाबलं, लेख गेला, बॅटरी संपली आणि गडी खिडकीला डोकं टेकून झोपला. खालचे आठ परिच्छेद स्टँडवरच्या जुन्या वजनकाट्याबद्दल होते. ते कुणीच वाचले नाहीत. लोक आजकाल चार ओळी वाचतात आणि पाचवीत रडायला लागतात.

"बोला की आता," ज्योत्स्ना म्हणाली.

आतून सासूबाई आल्या. जाईबाई आठ दिवसांपासून लेकीकडेच होत्या. त्यांच्या हातात निवडायच्या मेथीची जुडी होती आणि चेहऱ्यावर वैधव्याची एकही खूण नव्हती.

"मी कवाची सांगून राह्यली तिले," त्या म्हणाल्या. "तुहा बाप मेला नाही. सकाळी फोनवर लोणच्याच्या बरणीवरून अर्धा तास भांडला माह्याशी. भांडण अर्धं ठेवून मरणारा माणूस नाही तो. फोन स्कूटीच्या डिक्कीत असंन त्याचा, तिथीच रायते."

"आई, तू चूप बस."

"बसते. पण कुंकू पुसायले सांगू नको."

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण ब्लॉगाच्या एकोणीस वाचकांत ज्योत्स्नाचा चुलतभाऊ धर्मेंद्र होता, आणि धर्मेंद्रचं अमरावतीत बॅनर छापायचं दुकान होतं. असा नातेवाईक शत्रूलाही मिळू नये. अडीच वाजता त्यानं लेखाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, पावणेतीनला सासऱ्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि चार वाजता आठ बाय सहाचा बॅनर छापून मोर्शीच्या बसमध्ये चढवून दिला. ललितनं फोन चार्जिंगला लावून त्याला गाठलं तेव्हा तो रडतच होता.

"भाऊजी, तुमी लय हिमतीनं लेह्यलं," धर्मेंद्र म्हणाला. "बरं वाटलं असं मनापासून म्हणायले हिंमत लागते."

"अबे, ते जिवंत हायेत. तो बॅनर थांबव."

"बॅनर पोचला, भाऊजी. बांधूनही राह्यले असतीन. फोटो लय चांगला आला काकाजीचा."

"खुलासा लेहा," ज्योत्स्ना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. माह्यासमोर."

ती कमरेवर हात ठेवून उभी होती. घाईत ललितला एक अक्षर धड टाइप करता येईना. तेव्हा या माणसानं काय करावं? पुन्हा फोन तोंडासमोर धरला. ज्या दगडानं नख उडालं त्याच दगडाला दुसरा पाय. तो बोलला, 'सासरे जिवंत आहेत. मले माफ करा.' आणि ज्योत्स्नानं वाचायच्या आत घाईनं बटण दाबलं.

लोकांना दिसलं ते असं: 'सासरे जिवंत आहेत. मेले. माफ करा.'

यानंतर जे फोन सुरू झाले त्यात दुःख कमी आणि संताप जास्त होता. मोर्शीच्या एका मावशीनं विचारलं की माणूस एकदाच काय ते ठरवून का मरत नाही. एकानं विचारलं, गेलेल्यासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम धरायचा की नाही, भन्तेजींना सांगावं लागतं. ललित लेख काढून टाकायला गेला. तेवढ्यात त्याची नजर खाली पडली आणि बोट थांबलं.

"काय झालं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"काही नाही. एकशे साठ प्रतिक्रिया आल्या. आजपर्यंत तीनच्या वर कधी..."

ज्योत्स्नानं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यानं गिळलं. नेमका तेव्हाच मोतीराम सरांचा, म्हणजे खुद्द सासऱ्यांचा, फोन आला. आवाज पलीकडच्या खोलीत जाईबाईंना ऐकू जात होता.

"जवाईबुवा, चौकात बॅनर बांधून राह्यले होते दोघं. शिडी हलत होती म्हून मी धरली. चष्मा नोता. वर बांधून झाल्यावर त्याईले इचारलं, कोन गेलं बे? तं दोघंही शिडीवरून उडी मारून पळाले. मले सांगा, हे काय हाय?"

ललितनं सांगायचा प्रयत्न केला.

"काही काढू नका. एक अक्षर काढू नका. मी उद्या सकाळी येतो. मले सगळं जसंच्या तसं पाहू द्या."

फोन बंद झाल्यावर ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली, आणि ती शांत झाली की जास्त भीती वाटते, "उद्या बाबा येऊन राह्यले. ते म्हणले बंद, तं तो ब्लॉग बंद. सगळा. अकरा वर्षांचा. तुमच्या किल्लीवाल्यासकट."

ललितकडे बोलण्यासारखं होतं ते सगळं त्या ब्लॉगात होतं, आणि तोच उद्या जाणार होता. त्यालाही रडावंसं वाटलं, पण घरात रडण्याचा हक्क आज दुसऱ्याचा होता.

मोतीराम सर सकाळी दहाला आले. चौतीस वर्षं मोर्शीच्या शाळेत त्यांनी मराठी शिकवलं. 'मले नाही, मला म्हणा' हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांच्या पाठीवर छडीनं लिहिलं होतं की आता गावातली अर्धी माणसं त्यांच्यासमोर हिंदीत बोलतात. स्वतः सर रागावले की वऱ्हाडीत येतात. आज ते दारातूनच वऱ्हाडीत आले.

"पाणी नको. चहा नको. फोन आना," ते म्हणाले.

"जिवंत हाय ना?" जाईबाईंनी आतून विचारलं.

"तुले लोणच्याचा हिशोब द्याचा रायला म्हून आलो," सर म्हणाले. खुर्चीवर बसून त्यांनी खिशातून लाल पेन आणि वही काढली, आणि प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. तोवर त्या दोनशे बारा झाल्या होत्या.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी वहीत सात चुका लिहिल्या. "श्रद्धांजली कोनालेच येत नाही," ते संतापून म्हणाले. "बॅनरवरही चूक. अशानं माणसाचं मरणही अशुद्ध होते." मग हळूहळू पेन थांबत गेलं. एकानं लिहिलं होतं की सरांनी शाळेची फी माफ करवून आणली नसती तर तो आज वकील नसता. एका बाईनं लिहिलं होतं की सरांनी पहिला निबंध वर्गात वाचून दाखवला त्या दिवसापासून तिला भीती वाटेनाशी झाली. सर चष्मा पुसत म्हणाले, "हा पोट्टा मागच्याच महिन्यात बाजारात दिसला होता. जयभीम नाही घातला. आन् इथी पाहा, दीड पान लेह्यलं."

ललित समोर आरोपीसारखा उभा होता. ज्योत्स्ना निकालाची वाट पाहत होती.

"रहमतुल्लानं काही लेह्यलं काय?" सरांनी विचारलं.

"कोन रहमतुल्ला?" ललित म्हणाला.

उत्तर ज्योत्स्नानं दिलं. रहमतुल्ला सर त्याच शाळेत मराठी शिकवायचे. मोतीराम सरांकडे अ तुकडी, त्यांच्याकडे ब. चौदा वर्षांपूर्वी शाळेच्या नळावर पाटी लावायची होती. मोतीराम सरांनी 'पाणपोयी' लिहिलं, रहमतुल्ला सरांनी भर दुपारी खडूनं खोडून 'पाणपोई' केलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. शब्दकोश कुणाच्या बाजूनं आहे ते इथं सांगत नाही.

"नाही आली त्यांची," ललितनं खालवर पाहून सांगितलं.

"सहजच इचारलं," सर म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "पहा बरं एकदा परत." आणि मग वही मिटून, "मेलो तरी दोन ओळी नाही लेह्यल्या त्यानं. एवढा राग असते काय माणसाले?" हे बोलताना त्यांचा आवाज कापला. ज्योत्स्नाचा राग क्षणभर उतरला आणि लगेच ललितकडे पाहून पुन्हा चढला.

तेवढ्यात फोन वाजला. दोनशे तेरावी प्रतिक्रिया आली. सरांनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली:

'मोतीराम जिवंत आहे. सोडणे हे क्रियापद सकर्मक आहे. बसस्टँडवर कोणाला सोडून गेले? कर्म कुठे आहे? जावयाने मले म्हटले असणार, त्याचे मेले झाले. दोनशे बारा लोक रडले, पण कर्म एकानेही शोधले नाही. यातले बहुतेक अ तुकडीचे आहेत, त्यामुळे मला नवल वाटत नाही. – रहमतुल्ला, ब तुकडी.'

सर पहिली ओळ पुन्हा वाचत होते, तिसऱ्यांदा वाचत होते. त्यांचा चेहरा आधी विरघळला, मग शेवटच्या ओळीपर्यंत पोचून लालबुंद झाला.

"बाबा," ज्योत्स्ना म्हणाली, "मंग बंद करायचा ना हा ब्लॉग?"

"बंद?" सर ताडकन उभे राहिले. "आन् याले उत्तर कुठी देऊ, पाणपोईवर?"

आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि ते दाखवून द्यायची घरात कुणाची छाती नव्हती. त्यांनी ललितला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या मागे उभे राहिले.

"लेहा, जवाईबुवा. बोलून नाही, बोटानं. मी पाहून राह्यलो. लेहा, मी जिवंत हाय हे जाहीर करायचा अधिकार रहमतुल्लाले कोनं देला?"