मंगळवारी नसणारा माणूस

दर मंगळवारी गौतम शेजवळ नसायचा. म्हणजे घरातच असायचा, जेवणाच्या टेबलापाशी, इस्त्रीचा शर्ट घालून, डोळे उघडे ठेवून बसलेला. पण नसायचा. कुणी बेल वाजवली की त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, दारातच सांगायच्या, "ते आज नाहीत." आलेला माणूस त्यांच्या खांद्यावरून आत बघायचा. टेबलाशी बसलेल्या माणसाशी नजरानजर व्हायची आणि तो मुकाट्याने मागे फिरायचा. एक कुरिअरवाला तर लिफ्ट असून चार जिने पळत उतरला.

मी समोरच्या दारात राहतो. घाटकोपरची आमची सोसायटी झाली तेव्हापासून. तो मला सुर्व्या म्हणायचा, मी त्याला शेज्या.

सरकारी नोकरीत त्याचं काम होतं वेळेचं. निवृत्त झाल्यावरही सल्ला द्यायला त्याला दिल्लीला बोलवायचे. मला तो विषय त्याने बाल्कनीत चहा पिता पिता शिकवला. मोबाइलचे टॉवर, बँकांची यंत्रं, वीजकेंद्रं ही सगळी एकाच वेळेवर चालतात, आणि ती वेळ येते उपग्रहांकडून. येता येता सिग्नल इतका क्षीण झालेला असतो की कुणी वाकड्या डोक्याचा माणूस एका डब्याएवढ्या यंत्राने तो दाबून टाकू शकतो. म्हणून जमिनीवर घड्याळं ठेवून, तारांमधून वेळ पोचवायची दुसरी सोय करावी, असा सरकारचा विचार चालला होता.

"मग करा की," मी म्हणालो.

"करतील रे. कागदावर झालीच आहे. मी बैठकीत म्हटलं, एक दिवस मुख्य सिग्नल मुद्दाम बंद करून बघू, दुसरी सोय चालते का. तर असे बघायला लागले माझ्याकडे, जसं काही मी कुणाचा ऑक्सिजन काढायला सांगतोय."

"बंद नाही केलं?"

"कोण करणार? सही कोण करणार? सुर्व्या, सोय आहे असं वाटणं निराळं आणि सोय असणं निराळं. मुख्य बंद पडलं तर?"

'मुख्य बंद पडलं तर?' हे त्याचं पालुपद. त्यापायी घरात दोन कुकर, दोन चष्मे, दोन छत्र्या. लग्नाला जाताना दोन आहेराची पाकिटं न्यायचा. देशाचं मुख्य बंद करायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याने घरातलं करायचं ठरवलं. घरातलं मुख्य म्हणजे तो स्वतः. वहिनींपेक्षा वयाने बराच मोठा. वहिनींनी कधी बँकेची पायरी चढलेली नव्हती, सिलिंडर बदललेला नव्हता. म्हणून मंगळवार. सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत तो नसणार. दिवे लागले की खाकरून "आलो" म्हणायचा.

पहिल्या मंगळवारी वहिनी तीनदा माझ्याकडे धावत आल्या. मी सिलिंडर लावून दिला, फ्यूज बघितला. दुसऱ्या दिवशी शेज्या माझ्यावर उखडला.

"तू कशाला मदत केलीस?"

"बाई घाबरली होती यार."

"घाबरू दे. तू धावलास तर तिला कसं येणार? पुढच्या वेळी परत पाठव."

मग मी परत पाठवायला शिकलो. आणि वहिनी खरंच शिकल्या. फोनवरून बिल भरायला लागल्या, प्लंबरला झापायला लागल्या. एका मंगळवारी भंगारवाला आला, तर शेज्याने जिवापाड जपलेला जुना रेडिओ त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत विकून टाकला. नसल्यामुळे त्याला काही बोलता येईना. "भाव तरी बरा घ्यायचा," एवढंच तो रात्री म्हणाला.

सोसायटीत हसायचे सगळे. पण त्या घरात मंगळवारी फार वेळ कुणी थांबायचं नाही. मी एकदा मुद्दाम जाऊन त्याच्यासमोर बसलो. चावट विनोद सांगितला. त्याच्या गालावर माशी बसली, चालत डोळ्याच्या कडेपर्यंत गेली. पापणी हलली नाही. त्याची नजर माझ्यावर होती, पण माझ्यातून पार होऊन मागच्या भिंतीवर टेकल्यासारखी. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं, तो आहे, मीच नाही. हळूहळू लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल 'शेजवळ फार सरळ माणूस होता' असं बोलायला लागले, आणि आपण 'होता' म्हणालो हे कुणाच्या लक्षात येईना. आमची ही म्हणायची, "माणसानं असलं खेळू नये. नसण्याचीही सवय लागते."

त्या मंगळवारी दुपारी बेल वाजली. वहिनी.

"भाऊजी, जरा येता? आज ते निराळे वाटतात."

"वहिनी, मंगळवार आहे."

"मंगळवार आहे, पण..."

"पण काय?"

त्या खाली बघत उभ्या राहिल्या. काही सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं, एवढं मला दिसलं. दिसलं, आणि तरी मी हसून म्हणालो, "मला परत पाठवायला सांगितलंय. दिवे लागले की येईल तो." आणि दार लावलं. नियम पाळल्याचं मला बरंही वाटलं.

संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा लागला नाही. मी गेलो. वहिनी अंधारात त्याच्या शेजारी बसल्या होत्या. "आले नाहीत," त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच झटका आला असणार. लगेच आणलं असतं तर वाचला असता का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी, सुवर्णा, पुण्याहून आली. सगळ्यांदेखत तिने विचारलं, "आई, तू दिवसभर शेजारी होतीस ना? तुला कळलं नाही?" वहिनी गप्प राहिल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभा होतो. मीही गप्प राहिलो. सोसायटीत तेच रूढ झालं, बाईला कळलंच नाही. सुवर्णा हळूहळू यायची बंद झाली. सणावारी फोन येतो, तोही आवाज कोरडा.

परवा पेपरात वाचलं, ती जमिनीवरून वेळ पुरवायची योजना सरकारने पुढे न्यायची ठरवली आहे. पेपर घेऊन मी समोर गेलो, वहिनींसमोर त्याच जेवणाच्या टेबलाशी बसलो. वहिनींना म्हणालो, "मी सुवर्णाला खरं सांगणार आहे. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही आला होता. मी परत पाठवलं."

त्यांनी पेपर बाजूला सरकवला.

"मलाच सांगता आलं असतं की तिला," त्या म्हणाल्या. "पण कळलं कसं, हे विचारलं असतं तिनं."

"कसं कळलं?"

"मंगळवारी ते बोलायचे नाहीत, बघायचे नाहीत. पण टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायाला लावलेला असायचा. मी भाजी निवडायला बसले, हिशोबाला बसले, की लगेच यायचा. पहिल्या मंगळवारी मी रडले ना, तेव्हापासून. त्या दिवशी मी बसले, तर पाय आला नाही. मी सरकवून बघितला माझा. तरी नाही. आता हे तुम्हाला दारात कसं सांगायचं होतं, भाऊजी? आणि लेकीला तरी?"

माझी नजर टेबलाखाली गेली.

"तुम्ही लिहून कळवा तिला," त्या म्हणाल्या. "सगळं लिहा. मला नाही जमायचं."

आणि त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले.