काळ्या आणि पांढऱ्या डब्याच्या निवाड्याची बखर

श्रीभैरोबा समर्थ, ज्याच्या खांद्यावरून पाकळी पडल्याविना या मुलखात कोणी बोअर मारीत नाही की सोयरीक जुळवीत नाही, त्यास पहिले नमन. दुसरे आमच्या कैलासवासी यजमानांस, जे बोलत थोडे आणि मंडप बांधीत नेटका. आणि शके एकोणीसशे एकोणपन्नास, प्लवंगनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीची हकीकत ऐसी जे, थोरले चिरंजीव राजश्री हंबीरराव यांची वर्तणूक बिघडली. कैसी बिघडली म्हणाल, तर माणूस वयाने चाळिशीस आला, मिशीस पांढरे केस आले, हाताखाली गडी राबतात, आणि स्वारी दिवस उगवल्यापासून मोबाइल डोळ्यांपुढे धरून परमुलखीचा कोणी टकला बडबडतो ते ऐकत बसे. आणि तो टकला बडबडे तरी कशाविषयी, तर जो गेमचा डबा अजून कारखान्यातून निघाला नाही, जो त्या टकल्यानेही हाती धरिला नाही, त्याविषयी. नवरात्राचा मंडप घालण्यास गेले तेथेही तेच, आणि त्या नादात देवीचे तोंड नाल्याकडे केले. मग मंडळाची पोरे आमच्या दारी आली, तेव्हा हंबीररावांस विचारिले, तर म्हणतात, "आये, लाँच जवळ आलाय." आम्ही म्हणालो, "देवी कवाची आलीया, तिला नाल्याचा वास घ्यायला बसीवलंस, आणि तुझं लाँच अजून यायचं हाय." यावर मान खाली घातली, परंतु मोबाइल खाली ठेविला नाही.

आता हे राज्य कैसे, ते सांगणे प्राप्त आहे. यजमानांमागे मंडप आणि भोंगे ऐसे दोन दौलतीचे हिस्से राहिले. एका वरातीत झालरीचा मान मोठा की भोंग्याचा, यावरून दोघा भावांत शब्दाला शब्द लागला, आणि वाटणी जाहली. हंबीररावांकडे बांबू, कनाती, झालरी आणि खुर्च्या गेल्या. धाकटे चिरंजीव जयसिंगराव यांजकडे भोंगे, माईक आणि रंगीत दिवे गेले. आणि घर स्लॅबचे, यजमानांनी उभे केलेले, त्याचेही दोन भाग जाहले. आम्हांस मात्र वाटून घेण्याची छाती कोणास जाहली नाही. आम्ही मधली खोली आपल्याकडे ठेविली, तिच्या दोन्ही अंगांस भिंती घालून घेतल्या, आणि उजवीकडे थोरले, डावीकडे धाकटे, मध्ये आम्ही, ऐसे राज्य चालू लागले. भाऊ भावाशी बोलेना. कोणास लग्न काढणे तर मंडपासाठी एका दारी जावे, भोंग्यासाठी दुसऱ्या दारी जावे, आणि दोन्ही दारी चहा प्यावा. आम्ही दोन्हीकडचे जेवतो. कोणाचे मीठ कमी, कोणाचे जास्त, ते ज्याचे त्यास तोंडावर सांगतो.

परंतु एक गोष्ट वाटणीत तुटली नव्हती. यजमान असता घरात गेमचा एक डबा आला होता, टीव्हीस लावून खेळण्याचा, त्यास शहाणी माणसे कन्सोल म्हणतात, आणि दोघे भाऊ मांडीला मांडी लावून त्यावर किल्ल्याची लढाई खेळत. वाटणीत तो थोरल्याकडे गेला, तेव्हा धाकट्याने हुबेहूब तैसाच दुसरा आणविला, आणि इंटरनेटवरून दोघे पुन्हा एका फौजेत जाऊन मिळाले. सांजचे जेवण आटोपले की दोघे कानांस हेडफोन लावीत आणि लढाईस कूच करीत. म्हणजे नवल पाहा, दारात समोरासमोर आले तर एक विहिरीकडे पाही, एक आभाळाकडे पाही, आणि टीव्हीपुढे बसले की उजव्या भिंतीतून आरोळी येई, "जैश्या, डावीकडनं ये रं, बुरजावर दोघं हायत!" आणि डाव्या भिंतीतून उत्तर निघे, "आलो, आलो, तू मरू नगंस तवर!" तो शब्द कोण्या परमुलखी जाऊन फिरून शेजारच्या खोलीत येई म्हणतात. आम्हांस तो फुकट, ताजा, दोन्ही कानांनी ऐकू येई. मात्र त्यांचा आपसांत एक अलिखित तह होता, की लढाईचे तेवढेच बोलावे. एकदा जयसिंगरावांच्या तोंडून "जेवलास का?" ऐसे निघून गेले, तर लगेच दोन्हीकडे शुकशुकाट जाहला, आणि दोन दिवस मोहीम बंद. तरी आमचे समाधान होते. एका मायेच्या पोटचे दोघे, दिवसातून एक वेळ का होईना, एकमेकांस नावाने हाक मारीत होते. माऊलीस याहून काय हवे? झोप बरी लागे.

तों वर्तमान आले, की जुन्या डब्यास नवे खेळ येणे बंद होणार, आणि दोन पातशाह्या आपापला नवा डबा घेऊन उतरणार. एकीचा काळा, गुळाच्या ढेपेसारखा बुटका आणि भरीव. दुसरीचा पांढरा, उंच, सभेत कॉलर ताठ करून बसलेल्या पुढाऱ्यासारखा. हंबीरराव काळ्याचे पक्षाचे जाहले, का म्हणाल तर जुने सारे खेळ त्यात चालतील म्हणून. जयसिंगराव पांढऱ्याचे पक्षाचे जाहले, का म्हणाल तर त्याच्या रिमोटात तोफ उडाली की हातास धक्का बसतो म्हणून. दोघांनीही डबा पाहिला नव्हता, फक्त त्याचे फोटो पाहिले होते, आणि फोटोवरून दोघेही ऐसे भांडत की जणू माप घेऊन आले. खेळता खेळता एके सांजेस उजवीकडून, "काळाच घेणार, थोरला मी हाय," आणि डावीकडून, "थोरल्यानं मंडपाचं बघावं, ह्यातलं काय कळतंय!" ऐसे जाहले, आणि दोघांनी हेडफोन आपटले. ती घटस्थापनेची सांज. तेथून दोन्ही भिंती मुक्या जाहल्या.

आम्ही प्रथम हसलो. म्हणालो, दसऱ्यास सोने वाटतील आणि विसरतील. दसरा गेला, सोने वाटले ते आमच्याच हातात, दोघांनी दोन वेळा. मग थोरली सूनबाई शालन, जी तालुक्याच्या दुकानी चौकशी करून आली होती, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्ती, एक वंगाळ कळलंय. किल्ल्याच्या लढाईचा नवा भाग दोन्ही डब्यांवर येणार, पर काळ्यावाल्यांची फौज येगळी आणि पांढऱ्यावाल्यांची येगळी. ह्यांनी एक घेतला आणि भावजींनी दुसरा, तर परत एका फौजेत न्हाई यायचं. एकमेकाला दिसायचं बी न्हाई." आम्ही विचारिले, "आणि आवाज?" ती म्हणाली, "आवाज बी न्हाई." दोघांनी दोन्ही डबे घ्यावेत, तर लग्नसराई तुळशीच्या पुढे, आणि दोघांचेही हात आखडलेले. दुकानदाराचा तर निरोप होता की कोजागिरीच्या सांजेपर्यंत विसार देईल त्यास पहिल्या खेपेत डबा, मागाहून येईल त्यास उन्हाळा. मग दोघांस वेगवेगळे बोलावून समजाविले. थोरले म्हणाले, "त्यानं येऊन इचारावं, मी काय नगं म्हणतोय?" धाकटे म्हणाले, "त्यानं बोलवावं, मी काय जाणार न्हाई?" हा म्हणे तो यावा, तो म्हणे याने बोलवावे, आणि विसाराचा दिवस जवळ येत चालला. दोघांचाही ताठा थेट आमच्याकडून आलेला, तो ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाही.

मग आम्ही मसलत केली, की भावाच्या दारी जाणार नाहीत ते देवाच्या दारी तरी जातील. या राज्याचा शिरस्ता असा, की जो पेच माणसास सुटत नाही तो भैरोबापुढे कौल लावून सोडवावा. देवाच्या दोन्ही खांद्यांस पाण्याने पाकळी चिकटवितात. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. आणि पडेतो सर्वांनी मुक्याने उभे राहावे. कोजागिरीच्या सकाळी आम्ही इरकली नेसून निघालो, पुढे आम्ही, मागे दोन चिरंजीव दोन कडांनी, आणि शालन नारळ घेऊन. शिदू गुरवाने पाकळ्या भिजविल्या आणि विचारिले, "काय सवाल हाय, काकी?" आम्ही म्हणालो, "काळा डबा घ्यायचा का पांढरा, ते इचार." गुरव म्हणाला, "काकी, असं दोन-दोन चालत न्हाई. देव होय म्हणतो, न्हाईतर न्हाई म्हणतो. एकाचंच नाव घ्या." ऐसे म्हणून त्याने पाकळ्या लावून टाकल्या, आणि सवाल राहिला बाकी.

येथे मोठा जाबसाल माजला. हंबीरराव गुरवास म्हणाले, "त्यांना सांगा, थोरल्याचा सवाल आधी. काळा घ्यावा का, असंच इचारा." जयसिंगराव हातभर अंतरावर उभे असून गुरवासच म्हणाले, "त्यांना म्हणावं, देवाच्या म्होरं तरी थोरलेपणा घरी ठेवा. पांढरा घ्यावा का, असं इचारा." "त्यांना सांगा, पांढऱ्यात जुनं काय चालत न्हाई." "त्यांना सांगा, जुन्यातच जल्म काढायचाय त्यांना." गुरव एकदा इकडे पाही, एकदा तिकडे पाही, शेवटी चिडून म्हणाला, "आरं, मी काय तुमचा भोंगा हाय व्हय? ही बोलायची तोंडं न्हाईत का तुमास्नी?" शालन पदराआड हसली. ते हसू जयसिंगरावांस लागले आणि ते एकदम थेट भावाकडे वळून बोलिले, "दाद्या, तुझा थोरलेपणा बघितलाय मी! गडाच्या पुलावर बघितलाय!" हंबीरराव म्हणाले, "पुलाचं काय काढतोस? गड जिंकला का न्हाई?" "जिंकला, पर माझ्या मढ्यावरनं! मागनं समदी फौज आली, तू पलीकडं जावास म्हणून मी पुलावर उभा ऱ्हायलो. हाका मारल्या, दाद्या, वळ, दाद्या, वळ. आणि तू झेंडा लावून नाचत बसलास." हंबीररावांचा आवाज खाली आला. म्हणाले, "मला वाटलं, तू हायस मागं." जयसिंगराव म्हणाले, "व्हतोच की. मागंच व्हतो." "मग हाक न्हाई आली ती. नेट गेलं असंल." परंतु त्या सांजेची हाक आमच्या डाव्या भिंतीतून आम्हांस लख्ख ऐकू आली होती, आणि भिंतीचे नेट जात नाही.

वाटणीनंतर भाऊ भावाशी समोरासमोर बोलला तो हा पहिला प्रसंग, आणि तोही खेळातल्या पुलावरून, परंतु बोलला. इतक्यात शालन म्हणाली, "अगं बया, पाकळ्या!" पाहतो तों दोन्ही पाकळ्या देवाच्या पायाशी पडलेल्या. उजवी आधी की डावी आधी, हे गुरवास विचारिले, तर गुरव कान खाजवीत म्हणाला, "काकी, खरं सांगू का, मी बी पुलावर काय झालं तेच ऐकत हुतो." सवालच ठरला नव्हता, तर जाब कशाचा म्हणावा? आणि एका दिवशी एका घरास एकच कौल, हा देवाचा कायदा. दुसरी पाकळी लावण्यास गुरव तयार होईना. सांजेस विसाराची वेळ सरणार. दोघे चिरंजीव आमच्या तोंडाकडे पाहू लागले. देवाने आपले काम आमच्या गळ्यात घातले, ऐसे समजून आम्ही पदर खोचला आणि निवाडा केला.

येणेप्रमाणे हे वर्तमान घडले. भिंती होत्या तेथेच आहेत, मंडप उजवीकडे, भोंगे डावीकडे, आणि लग्नवाल्यांस अजून दोन्ही दारी चहा आहे. दौलत एक जाहली नाही, आणि तैसे आम्ही म्हणतही नाही. दोन डबे एका रंगाचे एका खेपेत आले, सांजच्या जेवणामागे आमच्या दोन्ही कानांस पूर्ववत ताप आहे, आणि झोप लागते. तो रंग कोणता, आणि कोणत्या न्यायाने ठरला, हे पुढील पिढीस कळावे म्हणून आमचा शब्द जैसा बोलिलो तैसाच लिहून ठेवितो. गाभाऱ्यात, गुरव आणि सूनबाई यांच्या साक्षीने, हंबीररावांस समोर घेऊन आम्ही मोठ्याने म्हणालो:

"हंबीर, हिकडं बघ. देवीचं तोंड नाल्याकडं करणारा तू, तुला कुठं तोंड करावं ते मीच सांगायला पायजे. त्यो पुलावर तुझ्यासाठी उभा ऱ्हायला, हाका मारून मारून मेला, आणि तू झेंडा धरून नाचलास. त्याची हाक ह्या म्हातारीला भिंतीतनं आली, तुला कानाला यंत्र लावून न्हाई आली. थोरला हाईस न्हवं? मग आता तरी वळ. पांढरा घे."