रावांचा शुद्ध कर्नेल

बायकोने रावांना लॅपटॉपचा पडदा पुसून ठेवायला सांगितलं होतं. नुसता पुसून. त्यापुढचं सगळं रावांनी स्वतःच्या बुद्धीने केलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

राव छापखान्यात मुद्रितं तपासतात. तिथे त्यांना ‘शुद्धिपत्रकराव’ म्हणतात. आपण नुसतं राव म्हणू. निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारण्यात गेल्यामुळे त्यांना समोर आलेली कुठलीही ओळ न वाचता सोडवत नाही. औषधाच्या खोक्यावरची नाही, बसच्या तिकिटामागचीही नाही. तेव्हा पुसलेला पडदा लखलखतो का बघायला त्यांनी लॅपटॉप सुरू केला आणि सुरू होताना त्यावरून भराभर सरकणाऱ्या ओळी वाचायला घेतल्या. (इतर माणसं या वेळात चहा ढवळतात.)

मधल्याच एका ओळीने राव हादरले.

रावांच्या लॅपटॉपवरचा कर्नेल, म्हणजे यंत्राच्या सगळ्या भागांना कामाला लावणारा गाभा, मुक्त होता. त्यातली ओळ न् ओळ कोणीही वाचावी. हे ते पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगत. आणि आता दिसत होतं, की हाच कर्नेल वायफायच्या चिपला कंपनीने दिलेला एक सीलबंद प्रोग्रॅम गुपचूप भरवतोय. त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि आत काय लिहिलंय ते कंपनीखेरीज कोणालाच ठाऊक नाही.

“न तपासलेला मजकूर! माझ्या घरात!” राव ओरडले.

सोफ्यावर डुलकी घेणारे सासरे दचकून उठले. “काय झालं जावईबापू?”

“बाबा, ह्या यंत्रात कोणी न वाचलेला प्रोग्रॅम आहे.”

“माझ्या छातीत पेसमेकर आहे, त्यात?”

“त्यातही तसलाच असणार.”

सासऱ्यांनी दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. “तो तपासायचं तुमच्या मनात नाही ना?”

“तूर्त नाही.”

त्या ‘तूर्त’ने सासरे इतके हबकले, की उठून पार दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

रावांनी शोधलं तेव्हा कळलं, की जगात त्यांच्यासारखी आणखीही माणसं आहेत. त्यांनी सगळे सीलबंद प्रोग्रॅम वेचून काढलेला स्वच्छ कर्नेल तयार ठेवलाय. रावांचे डोळे भरून आले. त्यांनी तो उतरवला, बसवला, आणि मग जुना कर्नेल त्याच्या फर्मवेअरसकट कायमचा पुसून टाकला. छापखान्यातली शिस्तच तशी आहे: सुधारलेलं मुद्रित हातात आलं, की जुनं तिथल्या तिथे फाडायचं, नाहीतर चुकून तेच छापलं जातं. रावांनी आजवर जुनं मुद्रित कधीही शिल्लक ठेवलं नव्हतं.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. पडदा रंगवणाऱ्या चिपचंही फर्मवेअर गेल्यामुळे अक्षरं बोराएवढी दिसू लागली. आणि वायफाय नाहीसं झालं. बंद नव्हे, नाहीसंच. त्या चिपला तिचं फर्मवेअर मिळेना, तेव्हा तिने कामच सोडलं होतं.

तेवढ्यात बायको इस्त्रीचे कपडे घालून, केस बांधत बाहेर आली. “लावा बरं जोडून. पंधरा मिनिटांत मुलाखत आहे.”

मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षकाची ती जागा होती. घरासाठी सोडलेल्या नोकरीनंतर बायकोला पहिल्यांदाच कुठून बोलावणं आलं होतं, आणि ही जागा गेली तर पुन्हा कोणी विचारेल असं तिला वाटत नव्हतं. हे रावांना माहीत होतं. फक्त गेला तासभर आठवलं नव्हतं.

“अगं, कर्नेल आता अगदी शुद्ध आहे,” राव म्हणाले.

“आणि इंटरनेट?”

“ते... अशुद्ध होतं.”

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. तिचा फोन बादलीत पडून दुरुस्तीला गेलेला. सासऱ्यांचा आणि रावांचा फोन बटणांचा. (रावांचा तत्त्वासाठी, सासऱ्यांचा सवयीने.)

“वायर लावून चालेल!” राव एकदम म्हणाले. “वायरीच्या जोडणीला फर्मवेअर लागत नाही!”

चालणार होतं, पण वायर निघाली हातभर. आणि राउटर होता बाथरूममध्ये, कारण बाहेरची केबल तिथल्याच खिडकीतून आत आली होती आणि ती पुढे ओढायचं काम राव दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत होते.

तेव्हा लॅपटॉप वॉशिंग मशीनवर गेला. बायको स्टुलावर बसली. राउटरमधल्या वायरीची खुट्टी तुटलेली, सोडली की निसटायची. म्हणून राव मशीनच्या पलीकडच्या कोपऱ्यात, शॉवरखाली, हात लांबवून ती दाबून धरून उभे राहिले.

“आता तोंडातून शब्द काढायचा नाही,” बायको म्हणाली. “काही झालं तरी.”

पडद्यावर समितीच्या अध्यक्षबाई आल्या. शेजारी दोन सभासद. बायको छान बोलत होती. राव अभिमानाने जरा मागे रेलले, आणि त्यांच्या पाठीने नळ फिरला.

थंड पाणी डोक्यावर कोसळलं. रावांचा श्वास वरचा वर राहिला. किंचाळावं तर मुलाखत बुडते, हलावं तर वायर निसटते. ते डोळे फाडून, तोंड मिटून, धारेखाली तसेच उभे राहिले. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. “कोण आहे आत? मला घाई आहे!” सासरे होते.

“बाबा, शेजारी जा,” बायको आवाज न चढवता म्हणाली. “पुढे विचारा ना, मॅडम.”

पण तिन्ही चेहरे थिजले होते. बायकोच्या मागच्या भिंतीवर आरसा आहे, हे बाथरूममधल्या दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

“बाई,” अध्यक्षबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “आरशात एक गृहस्थ कपड्यांसकट भिजतायत. तुम्हाला कल्पना आहे ना?”

बायको पांढरीफटक पडली. पण मान वळवली नाही. “हो मॅडम. ते माझे मिस्टर. त्यांच्या हातात वायर आहे, म्हणून मी तुम्हाला दिसतेय. आज इंटरनेट त्यांनीच घालवलंय, त्यामुळे निस्तरायलाही तेच उभे आहेत. मुलींनी काही गोंधळ घातला तरी मी असंच करीन. आधी काम पुरं, मग टॉवेल.”

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

“कागदोपत्री काय ते नंतर होईल,” त्या म्हणाल्या. “पण जागा तुमची.”

बायकोचा हात तोंडावर गेला. तिला रडू आवरेना. आरशात रावही रडत होते, पण ते पाण्यामुळे कोणाला कळलं नाही.

“आणखी एक,” अध्यक्षबाई आरशाकडे निरखून बघत म्हणाल्या. “आमच्याकडे रखवालदाराची जागाही रिकामी आहे. सांगितलं तिथे न हलता, न बोलता उभा राहणारा माणूस हल्ली मिळत नाही. ह्यांना विचारता का?”

रावांनी पाठ ताठ केली.

“नको मॅडम,” बायको डोळे पुसत म्हणाली. “कुलूप दिसलं की आत काय आहे बघायला आधी ते उघडतात. आणि मग किल्ली फेकून देतात.”