खोडरबराचं फिलिंग

डॉक्टर लहान मुलांचे दात काढत आणि इतर दंतवैद्यांचे वाभाडे. नवा पेशंट खुर्चीत बसून आ करतो न करतो, तोच ते भुवया चढवून विचारत, "हे आधी कुणी भरलं होतं?" त्यांनी स्वतः भरलेल्या दाढेची गोष्ट मात्र कुणी काढायची नाही. ती त्यांच्या मेहुण्याच्या तोंडात होती आणि तिच्यातलं फिलिंग महिनाभरात घासाबरोबर पोटात गेलं होतं. मेहुणा कान-नाक-घशाचा सर्जन. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

लेकीची वरची किडकी दाढ डॉक्टरांनी बायकोच्या देखत, शेखी मिरवत उपटली. "रक्ताचा थेंब तरी दिसतोय का?" त्यांनी विचारलं. चांगले बरेच दिसत होते. बायकोने कापूस पुढे केला.

दोन-तीन दिवसांनी लेक म्हणाली, चूळ भरली की पाणी नाकातून येतं. डॉक्टरांनी तिला चूळ कशी भरायची ते शिकवलं. दाढेच्या खड्ड्यातून थेट वरच्या सायनसपर्यंत भोक पडलं होतं. दुसऱ्याचं पोर असतं तर त्यांनी आरसा घालून बघितलं असतं, पण दिव्याखाली अंधार.

मग तिच्या एका नाकपुडीतून घाण वास यायला लागला. स्कॅनमध्ये गालाच्या हाडाच्या पोकळीत काहीतरी चौकोनी दिसलं. तिथवर पोचणारी दुर्बीण मेहुण्याकडेच होती. बायकोने भावाला फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

लेकीला ऑपरेशनसाठी आत नेल्यावर डॉक्टरांची सगळी ऐट गळून पडली. पोर धड बाहेर येऊ दे, मेहुण्याचे पाय धरीन, असं ते मनात म्हणत होते आणि ते अगदी मनापासून होतं.

पोर धड बाहेर आली. मेहुण्याने भोक शिवून बंद केलं होतं. ट्रेमध्ये च्युइंगगम फासलेला खोडरबराचा तुकडा होता. ती नीट शुद्धीवर आल्यावर त्याने तो दाखवला.

"हे काय गं?"

"फिलिंग. खड्डा दिसला की लगेच भरायचा, बाबाच म्हणतो. मी दाबलं तर ते वरच गेलं."

"मग बाबाला सांगायचं नाही का?"

"पाण्याचं सांगितलं होतं. त्याने चूळ भरायला शिकवलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं डॉक्टरांना झालं. मेहुणा आता उट्टं काढणार, हे उघडच होतं. पण त्याने भाचीला एवढंच विचारलं, की आणखी कुणाचं भरलंस?

"वर्गातल्या दोघींचं. त्यांचं अजून टिकलंय, मामा."

"टिकलंय?" मेहुण्याने स्टूल पलंगाजवळ ओढलं, तिच्यापुढे आ वासला आणि मागच्या रिकाम्या दाढेवर बोट ठेवलं.

लेक उशीवरून जरा वर सरकली. आत नीट डोकावून तिने भुवया चढवल्या.

"हे आधी कुणी भरलं होतं?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.