जर्मनकाकांची पाटी

आमच्या बिल्डिंगचा जिना झाडून झाला की जर्मनकाका पायऱ्यांच्या कोपऱ्यांतून बोट फिरवायचे. मग ते बोट तसंच उभं धरून, ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारात जायचे, बेल असली तरी कडी वाजवायचे आणि दार उघडलं की बोट पुढे करायचे. तोंडाने एक अक्षर नाही. बोटाला धूळ नसलीच तर म्हणायचे, "गूट."

काकांच्या समोरच्या कुलकर्णीकाकूंनी पहिल्यांदा ते उभं बोट पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, लागलंय. त्या हळद घेऊन आल्या.

काकांचं खरं नाव गणपतराव. गाव कुंडल. उमेदीची वर्षं सैन्यात गाड्या दुरुस्त करण्यात गेली. तिथून सुटल्यावर बायको वारली आणि त्याच सुमाराला एका कारखान्याने त्यांना जर्मनीला नेलं. शहर श्टुटगार्ट. काका त्याला 'ष्टूटगाड' म्हणत. तिथे गाड्या होतात म्हणून नावात 'गाड' आलं, अशी त्यांची खात्री होती आणि ती मोडायचं धाडस कुणी केलं नाही.

परत आल्यावर ते कुंडलला न राहता सांगलीत आमच्या बिल्डिंगमध्ये आले. गावी ऊस होता, भाऊ होता, भरलेलं घर होतं. भाऊ अधूनमधून यायचा, ओट्यावर पिशवी ठेवायचा आणि म्हणायचा, "आण्णा, आता गावाकडं चला. हितं कोन हाय तुमचं?"

"गावात घरं बैठी," काका म्हणायचे. "जिना न्हाई. जिन्याबिगर पाटी कशी फिरायची? जवर पाटी फिरती, तवर मी हितं हाय."

ही पाटी म्हणजे काय ते सांगायला हवं. काकांनी जर्मनीहून एक ओव्हरकोट आणला होता, जो सांगलीत कुणाच्या बापजन्मी लागला नसता, आणि ही एक रीत. घरातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडायचा. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी. आठवडा संपला की त्याने ती शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची.

मी तेव्हा पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच घरी आले होते. मराठी वाचता-लिहिता यायचं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की शब्द पुढे येत नसत. बिल्डिंगमध्ये मला मडम म्हणत. काकांना मात्र हे फार सोयीचं वाटलं.

"तू बी फारेनची, मी बी फारेनचा," ते म्हणाले. "आपलं जमंल."

जमलं म्हणजे असं, की ते बोलत आणि मी जिन्याच्या कठड्याला टेकून ऐके.

"पयल्यांदा उतरलो, तवा वाटलं, समदं गावच साकर कारखाना हाय. धुराडीच धुराडी! म्हटलं, चला, आपल्यातच आलो. पर मळीचा वास न्हाई गं. नुसता कोरडा धूर. अशा धुराचा काय उपेग?"

आधी ते कंपनीच्या बराकीत होते. तुर्की, इटलीवाले आणि हे. "कुणाचं कुणाला कळंना. त्यामुळं भांडान न्हाई." पुढे एका घरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. आणि तिथे एका सोमवारी दार उघडतात तो कडीला लाकडी पाटी.

"मला वाटलं, मान आला."

कुंडलकडे जत्रेचा मान घराघरांतून फिरतो. मान दारात आला की माणूस काय करेल? काकांनी गावाहून नेलेलं कुंकू पाटीला लावलं, चिमूटभर साखर ठेवली, हात जोडले आणि ते ड्यूटीवर गेले. आठवडाभर रोज उदबत्ती. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी दार बडवलं. काका त्यांना 'फ्राऊबाई' म्हणत, म्हणजे बाईबाई. बाईंनी रागारागाने विचारलं, "तुमचा आठवडा होता ना?"

"या," काका म्हणाले.

"जिना झाडलेला नाही?"

"या."

"लाज वाटत नाही?"

"या, या!"

"आगं, मी आपलं बाईमाणसाला दारात कशाला हुबं करायचं म्हणून आत बोलवत हुतो," काका मला सांगत होते. "मागनं कळलं, त्यांच्यात 'या' म्हंजी 'व्हय'. आन लिवत्यात काय? 'जा'! लिवायचं जा, म्हणायचं या. आता मानसानं करावं तरी काय?"

मग फ्राऊबाईंनी झाडू त्यांच्या हातात दिला, स्वतः पुढे झाल्या आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक कोपरा बोटाने दाखवत तो जिना झाडून घेतला. "सुभेदारानं सुदीक मला असं राबवलं नव्हतं," हे काका अभिमानाने सांगायचे.

आमच्याकडची पाटी त्यांनी स्वतः केली. सागाची फळी, वर ठसठशीत लाल रंगात दोन शब्द: 'आपली पाळी'. आणि पहिला मान कुलकर्णीकाकूंना दिला.

काकू देवपूजा आटोपून बाहेर आल्या, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अहो गणपतराव! हे काय दारावर टांगलंत!"

"का? आज तुमचीच हाय," काका म्हणाले. "फुडल्या आठवड्यात साठेसायबांची."

खाली साठेसाहेब पेपर वाचत होते. त्यांचा पेपर बराच वेळ हलत होता. यापुढचा संवाद मी लिहीत नाही. बाबांनी 'आपला वार' सुचवलं, तर तो तलवारीचा वाटला. शेवटी मी हळूच म्हटलं, "नंबर." काकांनी लगेच रंग काढला. 'आपला नंबर' ही त्या बिल्डिंगच्या कारभारात मी घातलेली एकमेव भर.

पाटी फिरत राहिली. लोक कुरकुरत झाडत, काका बोट दाखवत, लोक पुन्हा कुरकुरत. मग एका रविवारी सकाळी साठेसाहेबांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.

"आपण नोकरदार माणसं," ते म्हणाले. "झाडायला एक बाई ठेवू आणि ही पाटीची कटकट बंद करू. कुणाला वाटतं, बंद व्हावी?"

सगळे हात वर गेले. कुलकर्णीकाकूंचा थोडा उशिरा गेला. "मनाला लावून घेऊ नका हो," त्या म्हणाल्या. "गुडघे चालत नाहीत आता."

काका भांडतील म्हणून सगळे तयार होते. ते म्हणाले, "बरं." खाली जाऊन त्यांनी साठ्यांच्या दाराची पाटी काढली आणि काखेत धरून वर आले.

दुसऱ्या दिवशी त्यांची ट्रंक गॅलरीत उन्हाला पडली होती. शनिवारी भाऊ न्यायला येणार होता. मी कठड्याशी थांबले. आजवर मी काकांना काही विचारलं नव्हतं.

"काका, पाटी नसली तर नाहीच राहता येणार?"

ते ट्रंक पुसत राहिले. "त्या घरात बिऱ्हाडं पुष्कळ हुती, पोरी. जिन्यात गाठ पडली की मान हलवायची. झालं. त्यात वंगाळ काय न्हाई, त्यांची रीतच तशी. पर माझं दार वाजायचं ते पाटी माझ्याकडं आली तरच. फुडं फ्राऊबाई सोता घिऊन यायची. त्या दिवशी मी दुपारधरनं दाढी करून बसायचो." त्यांनी फडकं झटकलं. "हितंबी बोट दावायला गेलो की मानसं दार उघडत्यात. शिव्या देत का हुईना."

शनिवारी नवी बाई जिना झाडून गेली. मी काकांच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. मी कुणाच्या घरी आपणहून कधी जात नसे. आई काहीतरी देऊन पाठवी. हातात वाटी असली की बोलायला लागत नाही. आज हात रिकामे होते. वर केलेला हात मी एकदा खाली घेतला. मग कडी वाजवली.

दार लगेच उघडलं. काकांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"काय आणलंस?"

"काही नाही."

"आईचा निरोप?"

"नाही."

"मग?"

"सहज आले."

त्यांना तो शब्द नीट ऐकू आला नसावा, असं मला वाटलं. ते बाजूला झाले. खोली आवरलेली होती, गादी गुंडाळलेली. बसायला फक्त ट्रंक होती. मी तिच्यावर बसले.

"च्या घेशील?"

मी मान हलवली. त्यांनी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि फळीसमोर जाऊन उभे राहिले. फळीवर कप एकच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बनियनवर सदरा चढवला, वरपर्यंत गुंड्या लावल्या, आणि समोरच्या दाराची कडी वाजली.

"काकू, एक कप द्या जरा. पाव्हणी आलीया माझ्याकडं." हे त्यांनी थोडं मोठ्यानेच सांगितलं. तळमजल्यापर्यंत गेलं असावं.

"अगबाई! घ्या ना. आणि राहू दे तो तुमच्याकडेच. लागेल परत."

काका आत आले. दोन्ही कप त्यांनी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, एकाचा कान जरा फिरवून दुसऱ्याच्या रेषेत आणला, आणि माझ्याकडे वळले.

"ऊठ बघू त्या ट्रंकंवरनं," ते म्हणाले. "साकर बांधून ठिवलीया तिच्यात."