सगळे मंचावर

लुगोव्स्कच्या बूट-कारखान्यात कुठलीही सभा सुरू करण्यापूर्वी मंचावर बसणारं अध्यक्षमंडळ निवडावं लागतं, आणि उपसंचालक कॉम्रेड अर्काडी लुकिच मोखोव प्रत्येक वेळी त्यात निवडून यायचे. त्यांची सारी कारकीर्द एवढीच. बूट कशाचे करतात हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण मंचावर माणूस असा बसायचा, की आमचा ऊर भरून यायचा!

त्या दिवशी त्यांच्या मॉस्कोतल्या बढतीचा ठराव एकमताने संमत व्हायचा होता. एकाचाही हात खाली राहिला, तर मॉस्कोऐवजी ध्रुवाजवळ मासे खारवायला रवानगी. म्हणून साहेबांनी कुणालाच नाराज करायचं नाही असं धोरण ठरवलं.

अध्यक्षमंडळाची नावं वाचली गेली मात्र, शिवण विभागातली फ्योक्ला सिदोरोव्ना उसळली.

"मला का नाही हो घेतलं? मी काय रस्त्यावर पडलेय?"

"या, या, वर या!" साहेब म्हणाले.

तिच्याशी अबोला धरलेली नास्तास्या लगेच उठली. "ती वर आणि मी खाली? मग माझा हात वर व्हायचा नाही, सांगून ठेवते!"

तीही वर गेली. वर गरम चहा आणि सॉसेज होतं, खाली शेगडी विझलेली. रांगाच्या रांगा नाराज होऊ लागल्या. मंच करकरला, तेव्हा तो वाढवायला सुतार सावेलीला बोलावलं. फळ्या ठोकता ठोकता तो म्हणाला, "ठोकणारा खाली अन् बसणारे वर, हा कुठला समाजवाद?" मुद्दा तात्त्विक होता. साहेबांनी त्याला हातोड्यासकट वर घेतलं. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, सॉसेज संपत आलं होतं.

साहेबांनी घसा खाकरला. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत!"

समोर नुसत्या खुर्च्या.

"आमचेच हात मोजा की!" सावेली म्हणाला.

"नियमात बसत नाही," चिटणीस म्हणाले. "अध्यक्षमंडळ हात मोजतं. वर करायचे ते खालच्यांनी."

"अहो, मग उतरा ना कुणीतरी!" साहेब रडकुंडीला आले. "फ्योक्ला सिदोरोव्ना, तुम्ही तरी?"

"निवडून आल्यावर खाली उतरू? वा रे वा! आधी तुम्ही उतरून दाखवा!"

कुणी हलेना. साहेबांना डोळ्यांपुढे मासे दिसू लागले. एवढ्यात सगळ्यांच्याच लक्षात आलं, खाली एक जण आहे. मघापासून निवांत बसून आम्हाला हसतोय.

"अहो, गोष्ट वाचणारे! तुम्हीच!" साहेब आनंदाने ओरडले. "हसून झालं असेल तर हात वर करा! आणि ठराव वाचत बसू नका. याआधी तरी कधी वाचला होतात?"