पेढ्याची पोच

सही घेतल्याशिवाय मी कोणाला टाचणीसुद्धा देत नाही! म्हणून तर चंद्रपूरजवळच्या आमच्या पोत्यांच्या कंपनीत सहा वर्षं टिकून आहे. मी कंपनीचा पगारी वकील. कोर्टात भांडायला बाहेरचे वकील आहेत. मी केबिनमध्ये बसून करार तपासतो आणि काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. नाव स्वप्निल निकुरे, गाव सावली, वय चौतीस, अविवाहित.

यातला शेवटचा शब्द आईला फार खुपायचा. "लोकायच्या सह्या घेत फिरून राह्यला, सोताच्या लग्नाचं नाव नाई!" असं ती रोज जेवताना ऐकवायची.

शेवटी चामोर्शीच्या पलीकडे, कोसमटोल्याची दिव्या पाहिली. बी.एस्सी. झालेली, गावच्या ग्रामसभेचं रजिस्टर तीच लिहायची. पोहे खाताना आम्ही दहा मिनिटं बोललो. म्हणजे मी बोललो, ती ऐकत होती. खरं सांगतो, मला ती मनापासून आवडली. चार दिवसांनी तिच्या मामाचा, लटारूभाऊंचा फोन आला.

"जमलं समजा जी! रविवारी या अन् घरोघरी पेढा वाटा. आमच्या गावात तशीच रीत आहे!"

मी कंपनीची बोलेरो मागून घेतली, पाच किलो पेढे घेतले आणि निघालो. गावात घरं बासष्ट. आता बासष्ट घरी पेढे द्यायचे आणि नोंद नाही? उद्या कोणी म्हणालं, "आमाले नाई भेटला," तर? बॅगेत कंपनीचे छापील कागद होतेच. गाडीतच तक्ता आखला. अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. वर ठळक अक्षरांत लिहिलं: "पोच". कशाची पोच, ते लिहायचं घाईत राहून गेलं. सहा वर्षांचा अनुभव, बरं का!

पहिलं घर गिरजाबाईंचं.

"अंगठा कायले बापू?"

"पेढा मिळाला म्हणून, बाई."

"पेढ्याले अंगठा?"

"नियम आहे!"

बिचारीने दिला. एकवीस घरं अशीच सुरळीत गेली. बाविसाव्या घरी डोमाभाऊंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि कंपनीचं नाव वाचून खाटेवरून उडालेच.

"अरे, हा त कंपनीचा कागद व्हय! किती सह्या घेतल्या बे?"

"बाविसावी तुमची!" मी अभिमानाने सांगितलं.

मला काय ठाऊक, की तीन वर्षांपूर्वी कोण्या खाणवाल्याने या गावाला चहा-चिवडा देऊन हजेरीच्या सह्या घेतल्या होत्या! पुढे तीच हजेरी 'डोंगर द्यायला गावाची संमती आहे' म्हणून तहसिलीत निघाली. ते निस्तरायला गावाने दोन वर्षं खेटे घातले. तेव्हापासून इथे कोणी कोऱ्या कागदाच्या सावलीलाही उभं राहत नाही. आणि मी एका पेढ्यात एकवीस घरं गुंडाळली होती!

"पोरगी पाहाले आला म्हने, डोंगर न्याले आला!" डोमाभाऊ ओरडले.

पाच मिनिटांत बोलेरोसमोर बैलगाडी आडवी लागली. दहाव्या मिनिटाला मी समाजमंदिरात, सतरंजीवर, सगळ्या गावाच्या मधोमध! समोर ग्रामसभेचे अध्यक्ष वारलूभाऊ. त्यांच्या शेजारी रजिस्टर उघडून बसलेली, दिव्या. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातलं पेन काढून उगाच पुसायला लागलो.

"तुमच्या कंपनीले आमचा डोंगर कायले पाहिजे?" वारलूभाऊंनी विचारलं.

"अहो, आमची कंपनी फक्त पोती बनवते!"

"डोंगर खोदून पोत्यातच त भरतेत ना!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी लटारूभाऊंकडे पाहिलं. "मामा, तुम्ही तरी सांगा!"

"मी याले वळखत नाई जी! फोनवर बोललो फकस्त!"

झालं! मग मी उभा राहून वकिली सुरू केली. "सन्माननीय ग्रामसभा, सदर पेढे हे कोणाच्याही कोणत्याही हक्कास बाधा न आणता—"

"आयका, कसा बोलून राह्यला! आता त डोंगर गेलाच!" गिरजाबाईंनी कपाळाला हात लावला.

माझी अक्कल संपली. कायदा संपला. पार रडकुंडीला आलो आणि तोंडातून माझ्या गावची, सावलीची भाषा बाहेर पडली.

"बापा हो, मले डोंगर नाई पाहिजे! मले दिव्या पाहिजे!"

डोमाभाऊंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग बायकांच्या बाजूने हसू फुटलं आणि समाजमंदिराचे पत्रे हलले! चौतीस वर्षांत एकही 'परंतु' नसलेलं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो होतो.

वारलूभाऊंनी माझा तक्ता सगळ्यांदेखत टराटरा फाडला. मग ठराव सांगितला: मुलाने आणलेले पेढे हे पेढेच आहेत, आणि या लग्नाला गावाची हरकत नाही. हात वर झाले. गिरजाबाईंनी दोन्ही हात वर केले. एक त्यांच्या नवऱ्याचा, तो वावरात होता. मी तर आनंदाने पेढ्याचा खोकाच पुन्हा उघडायला घेतला.

"हरकत एक," रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता दिव्या म्हणाली.

"कोनाची?"

"माही. एकवीस घरांच्या सह्या झाल्या, गावाचा ठराव झाला, मामाचा फोन झाला. मले कोनी इचारलं?"

मी मामाकडे पाहिलं. मामा पत्र्यातली भोकं मोजत होते.

"पोरगी नाई म्हनाली नाई," ते पुटपुटले, "त मी हो समजलो!"

आणि मी? मी तरी कुठे विचारलं होतं? लाजेने कानशिलं तापली. पण आता मागे हटायचं नाही! साऱ्या गावासमोर विचारलं, "दिव्या, माझ्यासंग लग्न करशील?"

तिने शांतपणे पेनाला टोपण लावलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं की नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही.

"हा विषय आजच्या सभेत नव्हता. सात दिवसांची नोटीस द्या. पुढच्या सभेत घेऊ."

नोटीस मी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिली आणि दिली. सभा येत्या रविवारी आहे. पण सध्या धानकापणी जोरात आहे, आणि पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. म्हणून मी कंपनीत चार दिवसांची रजा टाकली आहे. उद्यापासून कोसमटोल्यात लोकांचं धान कापायला चाललोय!